दहा हजार डॉलर्सचा हिशेब: ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचा अभ्यास कसा करावा

अमेरिकी लेखिका लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचा अभ्यास करणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी वहीत ‘स्वप्ने’ असा मथळा घालतात आणि त्याखाली एकेका पात्राचे नाव आणि त्याचे स्वप्न लिहून मोकळे होतात. वॉल्टरला दारूचे दुकान काढायचे आहे, बेनीथाला डॉक्टर व्हायचे आहे, लीनाला घर हवे आहे. यात चुकीचे काही नाही, पण एवढे तर नाटक न वाचताही लिहिता येते. हे नाटक अनेक वेळा वाचल्यानंतर आणि काही जणांसोबत बसून त्यांना ते वाचायला मदत केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, या नाटकात शिरण्याची सर्वांत खात्रीची वाट पैशाच्या हिशेबातून जाते. कोणत्या प्रवेशात कोणाच्या हातात किती पैसे आहेत, ते कोठून आले आणि कोणाकडे गेले, एवढे काळजीपूर्वक टिपले, तर स्वप्न, स्वाभिमान, वंशभेद, आई आणि मुलगा यांच्यातला ताण हे सारे विषय त्या हिशेबामागोमाग येतात आणि त्यांना पुरावाही मिळतो.

ज्यांनी नाटक अजून हातात घेतलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात, शिकागोच्या साउथ साइड भागातल्या एका जुनाट, कोंदट बिऱ्हाडात यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबातली पाच माणसे राहतात. लीना ही घरातली आजी, जिला सगळे ‘ममा’ म्हणतात; तिचा पस्तिशीचा मुलगा वॉल्टर ली, जो एका श्रीमंत गोऱ्या माणसाची गाडी चालवतो; त्याची पत्नी रूथ; त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा ट्रॅव्हिस; आणि वॉल्टरची महाविद्यालयात शिकणारी बहीण बेनीथा. लीनाचा नवरा, ज्याला ते ‘बिग वॉल्टर’ म्हणत, नुकताच वारला आहे आणि त्याच्या विम्याचे १०,००० डॉलर्स येणार आहेत. नाटकाच्या पहिल्या सकाळी सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उद्या येणारा धनादेश.

पहिले वाचन

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नये आणि कोणतीही टीका, प्रस्तावना किंवा सारांश वाचू नये. नाटक तीन अंकांचे आहे. दोन बैठकींत ते मोठ्याने वाचून होते आणि पाच-सहा जण मिळाल्यास भूमिका वाटून घेऊन केलेले नाट्यवाचन त्याहून चांगले. मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी एका विशिष्ट कारणासाठी धरतो. यातली पात्रे प्रमाण इंग्रजी बोलत नाहीत. लीना आणि वॉल्टर यांच्या बोलण्यात दुहेरी नकार येतात, क्रियापदे गळतात, शब्दांची शेवटची अक्षरे खाल्ली जातात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे व्याकरणाचे दोष वाटतात आणि तो मनातल्या मनात ती वाक्ये दुरुस्त करत पुढे जातो, तर कानाने ऐकणाऱ्याला हे नियम असलेले एक पूर्ण बोलीरूप आहे हे लवकर कळते. बेनीथाचे इंग्रजी आईच्या इंग्रजीपेक्षा वेगळे आहे, श्रीमंत घरातल्या जॉर्ज मर्चिसनचे आणखी वेगळे आहे आणि नायजेरियातून शिकायला आलेल्या असागाईचे तर फारच नेटके आहे. एकाच खोलीत चार प्रकारचे इंग्रजी ऐकू येते. कोण कोणाशी बोलताना आपली भाषा बदलतो, हे तुमच्या कानाला लागले की पात्रांमधले अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वाचन सुरू करण्याआधी आपल्या हातातली आवृत्ती कोणती आहे तेवढे पाहून घ्यावे. १९५९ च्या मूळ प्रयोगातून काही भाग गाळले होते आणि नंतरच्या आवृत्त्यांत ते पुन्हा घातले गेले. बेनीथा आपले केस सरळ करणे सोडून नैसर्गिक ठेवते तो भाग, शेजारीण मिसेस जॉन्सन हिचा प्रवेश, आणि दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी वॉल्टर रात्री मुलाशी बोलतो तो भाग हे त्यांपैकी महत्त्वाचे आहेत. तपासण्याची सोपी खूण अशी, की दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मिसेस जॉन्सन येत असेल तर तुमच्याकडे पूर्ण संहिता आहे. नसेल, तर पूर्ण संहिता मिळवावी. कृष्णवर्णीयांच्या घरांवर बॉम्ब पडल्याची बातमी ही शेजारीण मोठ्या उत्साहाने घेऊन येते आणि त्या बातमीशिवाय पुढचे स्थलांतर फार सुरक्षित वाटू लागते.

पैशाची वही

दुसऱ्या वाचनाला एक वही घ्यावी आणि तिच्यात नाटकातला प्रत्येक पैसा क्रमाने लिहावा. सुरुवात १०,००० डॉलर्सपासून करू नये, ती पन्नास सेंटपासून करावी.

पहिल्या प्रवेशात ट्रॅव्हिस शाळेत नेण्यासाठी आईकडे पन्नास सेंट मागतो. रूथ सरळ सांगते की तिच्याकडे नाहीत. मुलगा रुसतो, ती त्याची नक्कल करून त्याला हसवते, प्रकरण मिटते. एवढ्यात वॉल्टर येतो, पत्नीच्या देखत खिशात हात घालून मुलाला पन्नास सेंट देतो आणि वर आणखी पन्नास सेंट काढून सांगतो की फळे घे, नाही तर टॅक्सीने शाळेत जा. मुलगा आनंदाने जातो. रूथ नवऱ्याकडे कशी बघत असेल याची कल्पना करावी. थोड्या वेळाने वॉल्टर रागाने घराबाहेर पडतो आणि लगेच परत येतो, कारण कामावर जायला बसभाड्याचे पैसे त्याच्याकडे उरलेले नाहीत. रूथ पाकिटातून पन्नास सेंट काढते आणि प्रेमाने चिमटा घेत त्यालाच टॅक्सीने जायला सांगते.

दोन-तीन पानांत घडलेल्या या व्यवहारात पुढचे सगळे नाटक साठवलेले आहे. मुलासमोर ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून वॉल्टर खिशातले शेवटचे पैसे देऊन टाकतो आणि त्याची भरपाई घरातल्या बाईला करावी लागते. पुढे हाच माणूस ६,५०० डॉलर्स याच वृत्तीने देऊन बसतो आणि भरपाई पुन्हा घरातल्या बायकाच करतात. वॉल्टरच्या स्वभावावर उत्तर लिहायचे असेल तर विशेषणांची जुळवाजुळव करण्याऐवजी हा प्रसंग मांडावा.

आता मोठी रक्कम. शनिवारी सकाळी टपालाने धनादेश येतो. लीना तो उघडते, शून्ये बरोबर आहेत ना असे नातवाला विचारते आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरतो, कारण हातातला कागद म्हणजे नवऱ्याचे मोल आहे हे तिला तेव्हा उमगते. याच ठिकाणी वहीत समासात लिहावे की हे पैसे कमाईचे नाहीत, ते एका मृत्यूच्या बदल्यात आलेले आहेत. नंतर जेव्हा पैसे बुडतात तेव्हा वॉल्टर नेमके हेच ओरडतो, की तो पैसा त्याच्या बापाच्या देहाचा बनलेला होता.

लीना ३,५०० डॉलर्स भरून क्लाइबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. ही वस्ती काल्पनिक आहे, पण तिने दिलेले कारण अगदी व्यवहाराचे आहे: कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे जवळपास दुप्पट महाग पडतात आणि तिला कुटुंबासाठी परवडणाऱ्या पैशात चांगल्यात चांगले घर हवे होते. तिने कोणतीही चळवळ सुरू केलेली नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. उरलेल्या ६,५०० डॉलर्सपैकी ३,००० बेनीथाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी बँकेत ठेवायचे आणि बाकीचे वॉल्टरने स्वतःच्या नावावर ठेवून स्वतः सांभाळायचे, असे सांगून ती सगळी रक्कम मुलाच्या हाती देते.

इथे थांबून वजाबाकी करावी. ६,५०० मधून ३,००० गेले की ३,५०० उरतात. म्हणजे घरासाठी जेवढे दिले, नेमके तेवढेच लीनाने मुलाला दिले. हे आकडे कोणतेही पात्र शेजारी-शेजारी ठेवून दाखवत नाही. मला स्वतःला ही बरोबरी तिसऱ्या वाचनात दिसली आणि तोवर लीना ही मुलाचे स्वप्न दडपणारी, अधिकार गाजवणारी आई आहे असे जे माझे मत होते ते सोडून द्यावे लागले. तिने वाटणी जवळजवळ समसमान केली होती. अडचण वॉल्टरच्या हिशेबात होती. दारूच्या दुकानाची एकूण किंमत ७५,००० डॉलर्स, सुरुवातीला ३०,००० लागणार, आणि तीन भागीदारांत प्रत्येकी १०,००० असे तो पहिल्याच सकाळी रूथला सांगतो. त्याच्या स्वप्नाला विम्याची पूर्ण रक्कम लागते, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला काही उरतच नाही. ज्या घरात एकाचे स्वप्न पुरे करायला बाकी सगळ्यांची स्वप्ने मोडावी लागतात, त्या घरात भांडणाला कोणाचा दुष्टपणा लागत नाही.

वहीतली सर्वांत लहान आणि सर्वांत जड नोंद रूथची आहे: पाच डॉलर्स. ती पुन्हा गरोदर आहे आणि ज्या घरात पाच माणसांना जागा नाही तिथे सहावे आणायचे कसे, म्हणून तिने गर्भपात करणाऱ्या एका बाईकडे पाच डॉलर्स आगाऊ भरले आहेत. त्या काळी इलिनॉय राज्यात गर्भपात बेकायदेशीर होता, त्यामुळे यात जिवाचा धोका होता. मूळ इंग्रजीत रूथ या रकमेला ‘डाउन पेमेंट’ म्हणते. घर घेताना वापरला जाणारा हाच शब्द आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी पाच डॉलर्सचे डाउन पेमेंट आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला साडेतीन हजारांचे, या दोन नोंदी वहीत एकाखाली एक आल्या की लीनाने घाईने घर का घेतले याचे उत्तर मिळते. ती एक नातवंड वाचवत होती. तिचे स्वतःचे एक बाळ गरिबीत गेले होते, हेही तिने पहिल्याच प्रवेशात रूथला सांगितलेले आहे.

रूथविषयी विद्यार्थी फार कमी लिहितात, कारण तिला सांगण्यासारखे ‘स्वप्न’ नाही असे त्यांना वाटते. तिचे संवाद वेगळे काढून सलग वाचावेत. अंडी, इस्त्री, झोपेतून उठवणे, कामाला जाणे यांतून ती क्वचितच बाहेर येते, आणि म्हणूनच नवीन घराची बातमी ऐकून ती जेव्हा या भिंतींना आणि झुरळांना मोठ्याने निरोप देते तेव्हा तो आनंद अंगावर येतो.

खोलीचा नकाशा

संपूर्ण नाटक एकाच खोलीत घडते. प्रारंभीच्या रंगसूचना विद्यार्थी सहसा ओलांडून जातात, पण हॅन्सबेरी यांनी त्या फार विचारपूर्वक लिहिल्या आहेत. त्या वाचून कागदावर बिऱ्हाडाचा नकाशा काढावा. मुख्य खोली बसण्याची आणि जेवणाची, तिच्यातच ट्रॅव्हिस कोचावर झोपतो. एका शयनगृहात लीना आणि बेनीथा. वॉल्टर आणि रूथ ज्या खोलीत झोपतात ती मुळात बहुधा न्याहारीची खोली होती. स्वयंपाकाच्या कोनाड्याला एकच छोटी खिडकी आहे आणि घरात नैसर्गिक उजेड येतो तो तेवढाच. स्नानगृह बाहेरच्या सामायिक बोळात आहे आणि ते शेजाऱ्यांसोबत वापरायचे आहे.

नकाशा तयार झाला की त्यावर पहिल्या सकाळच्या हालचाली बोट फिरवून बघाव्यात. गजर होतो, रूथ मुलाला उठवते, मुलगा पळत स्नानगृहाकडे जातो, मग वॉल्टरला घाई करावी लागते कारण शेजारी मध्ये शिरले तर सगळ्यांना उशीर होईल. वॉल्टर मित्रांसोबत रात्री उशिरापर्यंत याच खोलीत बोलत बसतो म्हणून ट्रॅव्हिसला झोप मिळत नाही. नवरा-बायकोचे भांडण इतरांच्या कानावर न जाता होऊच शकत नाही. खोलीतले सामान एके काळी हौसेने निवडलेले होते आणि आता ते जपून-जपून आणि वापरून थकले आहे, असे वर्णन लेखिका करते. सामानाला थकवा आलेला आहे ही तिची कल्पना ध्यानात ठेवावी, कारण तोच शब्द माणसांनाही लागू पडतो.

त्या एकमेव खिडकीत लीनाचे एक मरतुकडे रोप आहे. या रोपावर ‘आशेचे प्रतीक’ असे लिहून पुढे जाण्याची सवय मोडली पाहिजे. रोप कोणत्या प्रवेशात येते, त्या वेळी लीना नेमके काय करते आणि कोण काय म्हणते, हे आधी टिपावे. सामान बांधायच्या दिवशी ते पडू नये म्हणून ती कसे गुंडाळते आणि बेनीथा ते जुनाट रोप नेण्यावरून काय बोलते ते पाहावे. त्याच दिवशी कुटुंब तिला बागकामाची अवजारे भेट देते आणि ट्रॅव्हिस एक भलीमोठी टोपी देतो. घरापुढे बाग असावी ही तिची जुनी इच्छा घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. भेटी उघडून पाच मिनिटे होत नाहीत तोच दुकानातला एक भागीदार बोबो दारात येतो आणि दुसरा भागीदार विली हॅरिस वॉल्टरने दिलेले सगळे पैसे घेऊन पळाल्याची बातमी देतो. प्रसंगांची ही जुळणी लेखिकेने जाणीवपूर्वक केलेली आहे.

कायदा, करार आणि वीट

इतिहासाचा अभ्यास नाटक दोनदा वाचून झाल्यावर करावा, कारण तेव्हा तो लिंडनर या नव्या वस्तीतून आलेल्या गोऱ्या माणसाच्या प्रवेशासाठी लागतो. शिकागोत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वस्त्यांतल्या घरमालकांनी आपसांत करार केले होते, की आपले घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे शहरात येत होती, त्यांना राहायला मोजके पट्टेच मोकळे होते, आणि त्यामुळे तिथली घरे तुकडे करून, वाढीव भाड्याने दिली जात. यंगर कुटुंबाचे बिऱ्हाड हे या व्यवस्थेचे फळ आहे.

हॅन्सबेरी यांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी मालमत्तेच्या व्यवसायात होते आणि १९३७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन पार्क या करारबद्ध भागात घर घेतले. लॉरेन तेव्हा सात वर्षांच्या होत्या. घराबाहेर जमाव जमला, एक वीट आत फेकली गेली आणि ती त्यांना लागता-लागता राहिली. वडील न्यायालयात लढत असताना आई रात्री भरलेले पिस्तूल घेऊन घरात पहारा देत असे, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० मध्ये निकाल हॅन्सबेरी यांच्या बाजूने लागला.

या निकालाबद्दल एक चूक सर्रास होते, म्हणून तपशिलात जातो. करार लागू होण्यासाठी त्या भागातल्या ९५ टक्के मालकीच्या सह्या लागत होत्या. आधीच्या एका खटल्यात त्या मिळाल्याचे मान्य केले गेले होते, प्रत्यक्षात त्या सुमारे ५४ टक्केच होत्या. सर्वोच्च न्यायालय एवढेच म्हणाले की ज्यांचे म्हणणे त्या आधीच्या खटल्यात मांडलेच गेले नव्हते त्यांना तो निकाल बांधून ठेवू शकत नाही. असे करार मुळात घटनाबाह्य आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालयांनी हे करार अमलात आणू नयेत असा निकाल १९४८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात आला, आणि घरविक्रीतील वंशभेदाला बंदी करणारा संघराज्याचा कायदा १९६८ मध्ये झाला. नाटक १९५९ चे आहे, म्हणजे या दोन वर्षांच्या मधले. कराराला न्यायालयाचे बळ राहिलेले नाही, पण भेदभाव करायला कायद्याची आडकाठीही नाही. अशा काळात वस्तीला काय करता येते? ती एक सभ्य माणूस पाकीट घेऊन पाठवते.

कार्ल लिंडनर हा तो माणूस आहे. वस्तीच्या सुधारणा संघटनेतर्फे तो येतो, टोपी हातात धरून अदबीने बोलतो, परस्परांना समजून घेण्याबद्दल सांगतो, आणि मुद्द्यावर यायला बराच वेळ लावतो. त्याचे संवाद वाचताना वॉल्टर, रूथ आणि बेनीथा यांच्यापैकी प्रत्येकाला त्याचा हेतू नेमका कोणत्या वाक्याला कळला, तिथे खूण करावी. बेनीथाला तो सर्वांत आधी कळतो. वॉल्टर बराच वेळ पाहुणचाराच्या सुरात राहतो, कारण एक गोरा माणूस आपल्याशी घरमालक म्हणून बोलतो आहे याचे त्याला अप्रूप आहे. लिंडनर एकही शिवी देत नाही. घरासाठी दिले त्याहून जास्त पैसे तो देऊ करतो आणि जाताना लोक भडकले तर काय होईल याची आठवण तेवढी करून देतो. वॉल्टर त्याला निघून जायला सांगतो तेव्हा त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्यापाशी ६,५०० डॉलर्सचा व्यवहार आहे. नकार देणे तेव्हा त्याला परवडत होते. शेवटच्या अंकासाठी हे वाक्य वहीत ठळक करून ठेवावे.

कविता, आणि बेनीथाचे केस

नाटकाचे नाव लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘हार्लेम’ या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या कवितेतून घेतले आहे आणि ती कविता नाटकाच्या आरंभी छापलेली असते. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचे काय होते, असा प्रश्न विचारून कवी एकेक शक्यता मांडतो: उन्हात सुकलेला मनुका, चिघळणारी जखम, कुजके मांस, साखरेची पापुद्री, पाठ वाकवणारे ओझे, आणि शेवटी स्फोट. यातली एकेक प्रतिमा एकेका पात्राला वाटून टाकणे हा सोपा आणि फसवा मार्ग आहे. त्याऐवजी एकटा वॉल्टर घ्यावा आणि कोणत्या प्रवेशात तो कोणत्या प्रतिमेजवळ येतो ते पाहावे. पहिल्या सकाळी तो सुकलेला आहे, कामावर न जाता तीन दिवस गाडी घेऊन भटकतो आणि दारू पितो तेव्हा ओझ्याने वाकलेला आहे, पैसे बुडाल्यावर फुटलेला आहे. ट्रॅव्हिसला रात्री आपल्या भावी वैभवाचे चित्र रंगवून सांगतो तिथे मला साखरेची पापुद्री आठवते, पण याबाबत कोणाचे मत वेगळे असू शकेल.

बेनीथाबद्दल इथे थोडेच सांगतो. जॉर्ज आणि असागाई या दोघांपैकी ती कोणाला निवडते, या प्रश्नात अडकून पडू नये, कारण नाटक त्याचे उत्तर देत नाही. असागाई तिला आफ्रिकी पोशाख आणून देतो, तिच्या सरळ केलेल्या केसांबद्दल विचारतो आणि तिला योरुबा भाषेतले एक नाव देतो, ज्याचा अर्थ केवळ अन्नाने जिचे भागत नाही ती, असा होतो. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि नायजेरिया १९६० मध्ये व्हायचा होता, हे ध्यानात घेतले की असागाईचा आत्मविश्वास कोठून येतो ते समजते. आणि बेनीथा देव नाकारते तेव्हा लीना तिच्या थोबाडीत मारून आपल्या घरात देव आहे असे तिच्याकडून म्हणवून घेते, तो प्रसंग लीनाला देवता बनवणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा वाचावा.

तिसरा अंक

शेवटच्या अंकाला स्वतंत्र बैठक द्यावी. वॉल्टर लिंडनरला फोन करून बोलावतो, पैसे घेऊन घर सोडायचे ठरवतो आणि त्याच्यासमोर आपण कसे लाचार होऊ याची तालीम घरच्यांसमोर गुडघे टेकून करून दाखवतो. ही तालीम आणि नंतर लिंडनर आल्यावर तो प्रत्यक्षात जे बोलतो ते, दोन्ही उतारे शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. तालमीत तो अखंड, वेगाने बोलतो. प्रत्यक्षात तो अडखळतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरुवात करतो, घरातली माणसे कोण आणि काय काम करतात ते सांगतो, बहीण डॉक्टर होणार आहे हे सांगतो आणि हे घर आपल्या बापाने विटेवर वीट रचून कमावले आहे असे म्हणून नकार देतो. लीनाने मुद्दाम ट्रॅव्हिसला तिथे उभे ठेवलेले आहे. पन्नास सेंटच्या प्रसंगात मुलासमोर ‘नाही’ म्हणता येत नव्हते, इथे मुलाच्या देखत ‘नाही’ म्हणता येते, आणि या वेळी त्याच्या खिशात काहीही नाही.

याला सुखान्त म्हणावे का, हा प्रश्न परीक्षेत वारंवार येतो. पुन्हा वही उघडावी. बेनीथाचे ३,००० गेले, वॉल्टरचे ३,५०० गेले, उरले आहे ते हप्ते फेडायचे घर. रूथ तान्हे मूल पाठीशी बांधून शिकागोतली सगळी स्वयंपाकघरे घासण्याची तयारी दाखवते. समोर अशी वस्ती आहे जिने त्यांना येऊ नये म्हणून पैसे देऊ केले होते. आनंद आहे, पण तो कशावर उभा आहे ते आकड्यांनी दाखवल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. पैसे बुडवून बसलेल्या भावाचा बेनीथा धिक्कार करते, तेव्हा माणूस सगळ्यांत खाली गेलेला असतो तीच त्याच्यावर प्रेम करण्याची वेळ, असे लीना तिला सुनावते. उत्तरात हा प्रसंगही घ्यावा, कारण वॉल्टरच्या नकाराची तयारी तिथे होते.

चित्रपट आणि प्रयोग

१९६१ चा चित्रपट पाहावा, मात्र संहिता वाचून झाल्यावर. पटकथा हॅन्सबेरी यांचीच आहे आणि सिडनी पॉइटिये, क्लॉडिया मॅकनील, रूबी डी, डायना सँड्स हे रंगमंचावरचेच नट त्यात आहेत, त्यामुळे पहिल्या प्रयोगाचा सूर काही प्रमाणात ऐकायला मिळतो. मूळ प्रयोगाचे दिग्दर्शन लॉइड रिचर्ड्स यांनी केले होते आणि ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर त्याचे ५३० प्रयोग झाले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि लेखिकेचे वय तेव्हा २८ होते. चित्रपट पाहताना एकच काम करावे: कॅमेरा खोलीबाहेर कधी जातो ते टिपावे आणि त्या-त्या वेळी कोंडमारा कमी होतो का, हे स्वतःला विचारावे.

उत्तर लिहायला बसल्यावर पहिल्या वाक्यात ‘हे नाटक स्वप्नांविषयी आहे’ असे लिहू नये. एखादी वस्तू, एखादी रक्कम किंवा एखादी हालचाल घ्यावी, ती कोणत्या प्रवेशात येते ते सांगावे, आणि ती दुसऱ्यांदा कोठे येते ते दाखवावे. पन्नास सेंट, डाउन पेमेंट, अंडी, गजर, बोळातले स्नानगृह, टोपी यांतली कोणतीही एक निवडली तरी चार पाने सहज भरतात. लेखिकेचे चरित्र दोन वाक्यांच्या पुढे नेऊ नये.

शेवटचे वाचन संवाद झाकून फक्त रंगसूचनांचे करावे. शेवटच्या पानावर सगळे सामान गेलेले आहे, बाकीचे खाली गेले आहेत, आणि लीना रिकाम्या खोलीत एकटी उभी आहे. ती भिंतींकडे बघते, हुंदका आवरते, बाहेर पडते आणि दिवे मंदावतात. मग दार पुन्हा उघडते, ती आत येते, रोप उचलते आणि निघून जाते.